आम्हीबाई

कोर्टात पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त गंमत वाटते ती वकिलांच्या 'आम्ही'ची. पक्षकार बिचारा मागच्या बाकावर मुकाट बसलेला, आणि त्याची सगळी सुखदुःखं पुढे उभा राहिलेला काळा कोट स्वतःच्या अंगावर घेऊन बोलतोय. मिशीवर लिंबू ठेवावं असे एक वकील या कोर्टात होते. ते एकदा छातीवर हात ठेवून न्यायाधीशांना म्हणाले, "साहेब, आम्ही सात महिन्यांच्या गरोदर, आणि तशा अवस्थेत सासरच्यांनी आम्हाला घराबाहेर काढलं." कुणाच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. टायपिस्टने ते तसंच टाइप केलं, न्यायाधीशांनी सहानुभूतीने मान हलवली. कोर्टाची भाषाच ती. वकीलपत्रावर सही झाली की पक्षकार म्हणजे आम्ही आणि आम्ही म्हणजे पक्षकार.

बाकीचे वकील संध्याकाळी कोट खुंटीला लावतात तेव्हा हा 'आम्ही'ही तिथेच टांगून घरी जातात. आपल्या वकीलबाईंना ते कधी जमलंच नाही. नवराबायकोच्या भांडणांच्या कोर्टात उभी हयात गेली, आणि जिभेला तेच वळण बसलं. डॉक्टरकडे जाऊन म्हणाल्या, "आम्हाला खोकला झालाय," तर डॉक्टर त्यांच्या मागे आणखी कोण आलंय ते बघायला लागला. एकदा घरात काहीतरी बिनसलं आणि त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आम्ही रुसलोय." तो शांतपणे म्हणाला, "किती जणी?" रुसवा तिथेच संपला. ही गोष्ट त्यांनी स्वतःच बाररूममध्ये सांगितली, आणि त्या दिवसापासून त्यांचं नाव पडलं आम्हीबाई. तोंडावर बाई, पाठीमागे आम्हीबाई. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

बाई बुटक्या, पन्नाशी उलटलेल्या. हातातली बॅग त्यांच्या निम्म्या उंचीची. आवाज मात्र असा की शेवटच्या बाकावर डुलकी काढणारा माणूस आपलंच नाव पुकारलं समजून उठून उभा राहावा. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम करतो. मितभाषी माणूस. दोघांचं कसं जमलं असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, हिला बोलायला कुणीतरी लागतं आणि मला ऐकायला काहीतरी, एवढं पुरे झालं.

आता ज्या केसची ही गोष्ट, तिच्याबद्दल. कपडे धुण्या-इस्त्रीच्या मोठ्या दुकानात काम करणारी एक पोरगी बाईंकडे आली. पोरगी म्हणायचं, एरवी तिलाच एक लहान मुलगी होती. नवऱ्याचं फरशांचं दुकान. माणूस दिसायला कसा, तर जावई म्हणून कुणीही डोळे झाकून पसंत करावा. कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं हळू, चालणं हळू. घरात मात्र बायकोला मारायचा, आणि मारण्यापेक्षा वाईट म्हणजे खोलीत कोंडून घालायचा. पोरीला मुलगी आपल्याकडे हवी होती आणि त्या घरातून सुटका हवी होती, एवढाच दावा. पहिल्या दिवशी ती बाईंसमोर बसली तेव्हा तिच्या तोंडून एक वाक्य धड निघेना. गालावर वळ कसला, तर दार लागलं. हात कशाने सुजला, तर पाय घसरला. बाईंनी तिला वर्षभर घडवलं. रोज थोडं थोडं बोलायला लावलं, चहा पाजला, प्रसंगी रागावल्या. शेवटी ती साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली आणि सगळं घडाघडा नव्हे, पण खरं खरं बोलली. त्या दिवशी बाई बाररूममध्ये येऊन म्हणाल्या, आज आम्ही जिंकलो, निकाल लागेल तेव्हा लागेल.

मग त्या नवऱ्याची उलटतपासणी आली, आणि इथे बाईंच्या हातून चूक झाली. आता ती चूक म्हणावी की हुशारी, तुम्हीच ठरवा. खोलीच्या दाराला बाहेरून कडी का बसवली, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, घरात उंदीर फार. एवढ्यावर थांबायला हवं होतं. उत्तर आपल्या बाजूचं आलं की खाली बसावं, हे प्रत्येक वकिलाला पहिल्याच वर्षी शिकवतात. पण हशा हा वकिलाचा खाऊ असतो, समोर दिसला की हात राहात नाही. बाई म्हणाल्या, "म्हणजे उंदीर आतून कडी काढायचे, म्हणून तुम्ही ती बाहेरून बसवलीत?" सगळं कोर्ट हसलं. पट्टेवाला हसला, नवऱ्याचा स्वतःचा वकील फायलीत तोंड घालून हसला, न्यायाधीशांनी रुमाल तोंडाशी नेला. पिंजऱ्यातला माणूस तेवढा हसला नाही. तो बाईंकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून तो कोर्टाच्या व्हरांड्यात भेटायला लागला. तारीख असो नसो, हजर. नमस्कार करायचा, वाट सोडायचा, पुन्हा पुढच्या वळणावर उभा. कोर्टाच्या दारात माणसं तपासायची एक चौकट होती, पण ती ज्याला त्याला बघून किंचाळायची, त्यामुळे तिचं ओरडणं कुणी मनावर घेत नसे. आत यायला कुणालाच बंदी नव्हती. एकदा त्याने बाईंना गाठलं आणि अगदी आदराने म्हणाला, "बाई, तुम्ही रोज म्हणता, आम्हाला मारलं, आम्हाला कोंडलं. तुम्हाला तर मी अजून हातसुद्धा लावला नाही."

हा 'अजून' बाईंना बरोबर ऐकू आला. शब्दांवरच पोट भरणारी बाई ती, तिला नाही तर कुणाला ऐकू येणार? पण त्यांनी काय केलं, तर बाररूममध्ये जाऊन तो किस्सा रंगवून सांगितला. बाररूमची रीतच तशी. लांबलचक टेबल, डगमगणाऱ्या खुर्च्या, आणि ज्याला धमकी आली नाही तो कसला वकील, हा तिथला कायदा. एकाने आपल्या गाडीची काच फोडल्याचं सांगितलं, दुसऱ्याला घरी निनावी फोन यायचे ते त्याने आवाज काढून करून दाखवले. सगळे पोट धरून हसले. याच टेबलावर बसणारा एक तरतरीत वकील दोन वर्षांपूर्वी दारूच्या इतका आहारी गेला की सनद गुंडाळून भावाकडे राहायला गेला. त्याचेही किस्से असेच हसून ऐकले होते सगळ्यांनी. त्याला झोप लागत नव्हती, हे नंतर त्याच्या वहिनीने सांगितलं. माणसं दुसऱ्यांच्या अंगावरच्या जखमांची तारीखवार यादी करतात आणि शेजारच्या खुर्चीवरचा माणूस खचत चाललाय ते त्यांना दिसत नाही. राग येतो, पण सांगायचं कुणाला.

टेबलाच्या टोकाला मुदतकाका बसत. सत्तरीचे वकील, उभे राहिले की पहिलं वाक्य 'मुदत मिळावी साहेब' हेच असायचं, म्हणून हे नाव. ते बाईंना म्हणाले, पोरी, पुढच्या वेळी एकटी फिरू नकोस. बाई म्हणाल्या, काका, आम्ही कुठे एकट्या, आमच्यात नेहमी दोघी असतात. पुन्हा हशा.

कोर्टाच्या मागच्या अंगाला एक अरुंद जिना आहे. पुढच्या जिन्यावर पक्षकारांची झुंबड, म्हणून वकील मागचा वापरतात. जेवणाची सुट्टी झाली होती. पोरीला बाईंनी खाली जिन्याशी थांबायला सांगितलं होतं, पुढच्या तारखेला शेवटचा युक्तिवाद होता, त्याबद्दल दोन शब्द बोलायचे होते. बाई बॅग सावरत उतरायला लागल्या आणि मागून त्यांचा दंड कुणीतरी धरला. घट्ट, कोपराच्या वर. कानाशी आवाज आला, तोच तो हळू आवाज: "आता म्हणा, आम्हाला मारलं." आणि धक्का.

बॅग आधी गेली, मागोमाग बाई. पायऱ्या किती होत्या कुणास ठाऊक, बाईंना वाटलं आपण पडतोच आहोत. तळाशी आपटल्या तेव्हा मनगट शरीराखाली आलं आणि कट्कन आवाज झाला. वर बघितलं तर जिना रिकामा. खाली बघितलं तर पोरगी, तोंडावर दोन्ही हात धरून उभी. तिने सगळं पाहिलं होतं. तिने ओरडायला तोंड उघडलं, आणि बाई पडल्या जागेवरून, दात आवळून, म्हणाल्या, "गप्प. तू काही पाहिलं नाहीस. माझा पाय घसरला."

पोरगी बघतच राहिली. हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. शेजाऱ्यांना, दवाखान्यात, स्वतःच्या आईलासुद्धा तिने हेच सांगितलेलं. जिने वर्षभर आपल्या तोंडातून हे वाक्य काढून टाकायला जिवाचं रान केलं, ती बाई आज तेच वाक्य आपल्यालाच पढवतेय, हे तिला कळेना. पण बाईंवरचा तिचा विश्वास असा की ती गप्प बसली.

बाईंनी असं का केलं? घाबरल्या म्हणून, हे तर झालंच. पण त्यांच्याकडे एक सरळ हिशोबही होता. तक्रार केली की आपण साक्षीदार झालो. आणि त्याच माणसाविरुद्ध साक्षीदार झालेल्या वकिलाने त्याच दाव्यात उभं राहायचं नसतं, ही या धंद्यातली रीत. म्हणजे वकीलपत्र सोडायचं. म्हणजे नवा वकील, नवी तारीख. न्यायाधीशांची बदली तोंडावर आली होती. ते गेले की नव्या साहेबांपुढे पुन्हा पहिल्यापासून हरिपाठ, आणि पोरीला पुन्हा पिंजऱ्यात उभं करायचं. ती पुन्हा बोलेल याची खात्री बाईंना नव्हती. एकदा युक्तिवाद होऊन जाऊ दे, मग बघू, असं त्यांनी ठरवलं. तोवर मुलीचा ताबा कुणाकडे जाणार हे अधांतरीच होतं आणि तो माणूस मोकळा फिरत होता. दगडाखाली हात, आणि तोही मोडलेला.

मनगटाला प्लास्टर घालून घरी आल्या. नवऱ्याने विचारलं, कसं झालं? बाईंनी सांगितलं. मागचा जिना, वरून तिसऱ्या पायरीवर पाणी सांडलेलं, डावी चप्पल सरकली, कठड्याला हात पोचला नाही, पडले. तो ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाला, "तूच मला शिकवलंयस, खरं सांगणारा अडखळतो. पढवलेला साक्षीदार अडखळत नाही. तू एकदाही अडखळली नाहीस."

बोलणं संपलेली आपली बायको त्याने पहिल्यांदाच पाहिली. मग तिने सगळं सांगितलं. तो चिडला, आणि मितभाषी माणूस चिडला की काय होतं ते बघण्यासारखं असतं; त्याने घरातली सगळी भांडी धुऊन काढली, धुतलेली पुन्हा धुतली. सोड ती केस, म्हणाला. बाई म्हणाल्या, ती पोरगी आमच्या भरवशावर आहे. तो म्हणाला, आणि आम्ही कुणाच्या भरवशावर आहोत? या 'आम्ही'त तो स्वतः होता.

मधले दिवस वाईट गेले. बाई कोर्टात जायच्या, पण मागच्या जिन्याकडे पाय वळत नव्हता. पुढच्या गर्दीतून धक्के खात चढायच्या आणि कुणाचा हात जरा दंडाला लागला की अंग चोरून भिंतीला टेकायच्या. बाररूममध्ये पाठ भिंतीला लागेल अशी खुर्ची धरून बसायच्या. लोकांनी प्लास्टरवर सह्या केल्या, एकाने त्यावर 'आम्हाला लागलं' असं लिहिलं. बाई हसल्या. घासभर जेवण खाली उतरत नव्हतं हे कुणाला दिसलं नाही. नवरा दुकानात उशिरा जाऊन त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला यायचा; आधी त्याला त्या नको म्हणाल्या, मग म्हणेनाशा झाल्या. ज्या बायकांना आपण 'घाबरू नका' म्हणून सांगत आलो त्यांना आपण काय सांगत होतो, असा विचार त्यांच्या मनात यायचा. भीती काय अशी सांगून जाते? ती पोटात राहते, तिथेच जेवते आणि तिथेच झोपते.

युक्तिवादाचा दिवस उजाडला. कोर्ट भरलेलं. तो पहिल्याच बाकावर, इस्त्रीच्या शर्टात. पोरगी मागे, कोपऱ्यात. मुदतकाका आपल्या कुठल्याशा प्रकरणाची मुदत मागायला येऊन बसले होते. न्यायाधीश माणूस भला. बाई उभ्या राहिल्या तसं त्यांनी आधी विचारलं, हाताला काय झालं?

"पाय घसरला, साहेब."

पहिल्या बाकावरच्या माणसाने मान खाली घातली. तो हसतोय, हे बाईंना त्याच्या खांद्यांवरून कळलं. त्यांनी फाइल उघडली आणि सुरुवात केली. लग्न कधी झालं, मूल कधी झालं, सगळं नीट चाललं. मग त्या मारहाणीवर आल्या. "आणि त्या दिवशी, साहेब, आम्हाला," असं म्हणाल्या आणि थांबल्या. पुन्हा म्हणाल्या, "आम्हाला." पुढचा शब्द येईना. आजवर हजारदा म्हटलेला शब्द, तोंडात अर्ध्या वाटेवर अडकला. दंडावर कुणीतरी बोटं रुतवलीत असं वाटलं.

न्यायाधीशांनी विचारलं, बरं वाटत नाही का, पुढची तारीख देऊ का? समोरचे वकील लगेच म्हणाले, आमची काही हरकत नाही. ते सभ्यपणेच म्हणाले. त्यांना काय माहीत. बाईंना कळत होतं, तारीख घेतली तर बदली, आणि घेतली नाही तर हा शब्द पुढे सरकत नाही. त्या तशाच उभ्या राहिल्या.

तेव्हा मागच्या बाकावरून पोरगी उठली. वकील उभा असताना पक्षकाराने बोलायचं नसतं. पट्टेवाल्याने तिला दबक्या आवाजात खाली बस म्हणून सांगितलं. ती बसली नाही.

"साहेब, पाय नाही घसरला," ती म्हणाली. "आम्हाला जिन्यावरून ढकललं."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. तुम्हाला? कधी?

"मला नाही. आमच्या बाईंना. मी खाली उभी होते." आणि मग तिला रडू आलं, तरी ती बोलत राहिली. "त्यांनी मला गप्प बसायला सांगितलं. मी गप्प बसले. पण मला नाही बसवत आता."

पहिल्या बाकावरचा माणूस आपल्या वकिलाकडे झुकून काहीतरी सांगायला लागला, आणि त्या वकिलाने, हे त्याच्या नावावर लिहून ठेवायला हवं, हात वर करून त्याला थांबवलं. न्यायाधीश बाईंकडे वळले. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, बाई, हे खरं आहे?

नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? पोरगी खोटी ठरली असती. तिची मागची सगळी साक्ष त्या एका नाहीखाली गेली असती. आणि हो म्हटलं तर केस हातातून गेली. पण खरी गोष्ट अशी की बाईंनी यातलं काहीच तोललं नाही. ज्या पोरीला त्यांनी बोलायला शिकवलं ती बोलली होती, आणि आता त्यांना स्वतःला बोलायचं होतं, एवढंच त्यांना समजलं.

"खरं आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "त्यांनी मला ढकललं. मला."

पुढे जे व्हायचं ते झालं. न्यायाधीशांनी पोलिसांना बोलावलं, दोन वाक्यं नोंदवायला सांगितली, आणि तो इस्त्रीचा शर्ट दोन शिपायांच्या मधून बाहेर गेला. बाईंनी वकीलपत्र सोडत असल्याचं सांगितलं आणि पोरीकडे बघायचं धाडस त्यांना झालं नाही. तेवढ्यात वकिलांच्या बाकावरून मुदतकाका उठले आणि म्हणाले, या दाव्यात यापुढे मी उभा राहीन. सगळे चकित. काकांनी घसा खाकरला आणि पुढे म्हणाले, फक्त मुदत मिळावी साहेब. सवय ती सवय. पण न्यायाधीशांनी बदलीच्या आधीची तारीख दिली, काकांनी फाइल घरी नेली, आणि पुढे निकाल पोरीच्या मनासारखा लागला, मुलगी आईकडे राहिली. ती सगळी हकीकत काकांच्याच तोंडून ऐकावी, न विचारता सांगतात. बाररूममध्ये तेव्हापासून धमकीचा किस्सा कुणी सांगितला की आधी हसायचं की आधी सोबत जायचं यावर वाद होतो. मागच्या जिन्यावर शिपाई बसवा म्हणून अर्ज गेलाय. शिपाई कधी येईल ते देव जाणे, तोवर वकील दोघादोघांनी उतरतात.

पण त्या दिवशी दुपारी बाई चौकीत बसल्या होत्या, तक्रार द्यायला. नवरा दुकानाचा अंगरखा तसाच घालून धावत आला होता. भिंगांची पांढरी भुकटी त्याच्या बाह्यांवर तशीच होती. त्याने शेजारी खुर्ची घेतली. समोर एक वयस्कर हवालदार दोन बोटांनी टाइप करत होते. बाई सांगत गेल्या: कुठला जिना, कोण, मागून कसं धरलं, काय बोलला. सुरुवातीला जिभेवर सगळं तयारच येत होतं, सदर इसमाने अमुक केले, सदर महिलेने तमुक केले. हवालदार खूश झाले. अशी तक्रार लिहून घ्यायला कुणाला आवडणार नाही, घासूनपुसून पुढ्यात येतेय. मग त्यांनी वर न बघता विचारलं, "इतके दिवस झाले. त्याच दिवशी का नाही आलात?"

हा प्रश्न. या कोर्टातला एकही वकील असा नाही ज्याच्या खिशात हा प्रश्न तयार नसतो. बाईंनीही तो विचारला होता. ज्या वर्षांत त्या नवऱ्यांच्या बाजूने उभ्या राहायच्या तेव्हा कितीतरी बायकांना विचारला होता. मार बसला म्हणता, मग त्याच दिवशी चौकीत का गेला नाहीत? त्या बायका खाली बघायच्या, ओठ चावायच्या. मग बाई न्यायाधीशांकडे वळून म्हणायच्या, साक्षीदाराकडे उत्तर नाही, याची नोंद व्हावी. नोंद व्हायची. आणि याची कायदेशीर उत्तरंही त्यांना तोंडपाठ होती. उपचार चालू होते. मानसिक धक्का होता. घरच्यांशी विचारविनिमय करायचा होता. यातलं कुठलंही एक टिकलं असतं. त्यांनी त्या बायकांचे चेहरे आठवायचा प्रयत्न केला तरी एकही नीट आठवेना, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

"घाबरले होते," बाई म्हणाल्या.

हवालदारांनी आता वर पाहिलं. काळा कोट, प्लास्टर, त्यावरच्या सह्या. "तुम्ही तर वकील आहात, बाई. तुम्ही कशाला घाबराल?"

"वकील आहे. तरी घाबरले. अजून घाबरलेय."

हवालदारांची बोटं कळफलकावर थांबली. मग त्यांनी विचारलं, नेहमीच्या कामाचा प्रश्न विचारावा तसं, "मग काय लिहू? 'घाबरले होते' की 'घाबरलेली आहे'?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो नुसती खुर्ची जवळ ओढून बसला.

"'आहे' लिहा," बाई म्हणाल्या.

आणि हवालदारांनी तसंच लिहिलं.